नजर-पैसेवारी

फुलचूर आता नावालाच गाव उरलं आहे. गोंदिया शहर आमगाव रोडनं सरकत सरकत आमच्या बांध्यांपर्यंत कधी येऊन भिडलं, ते आम्हालाही कळलं नाही. फुलचूरपेठेत आयटीआय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, बाजूला नव्या प्लॉटांच्या पाट्या आहेत. पण मृगाचा पाऊस पडला की गाव पुन्हा गावासारखं वागू लागतं. बांध्यांत पऱ्हे टाकले जातात, नांगर-ट्रॅक्टरची ओढाताण सुरू होते, रोवणीच्या बायांना आधीच सांगून ठेवावं लागतं. आणि नेमक्या त्याच दिवसांत निकाल लागतात. सीईटीचा, नीटचा. त्यामुळे आमच्याकडे जून-जुलैत माणसाच्या डोक्यात दोनच विषय असतात. पऱ्हे किती हाताचे झाले, अन् पोराचं कुठं होईल.

हा दुसरा विषय घेऊन लोक माझ्याकडे येतात. मी एका हायस्कूलात एकतीस वर्षं गणित शिकवलं. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, पण माझ्याकडे एक रजिस्टर आहे हे पंचक्रोशीत माहीत आहे. कोणत्या कॉलेजात, कोणत्या शाखेला, कोणत्या प्रवर्गात शेवटचा पोरगा कितीवर घेतला, ते मी दरवर्षी त्यात उतरवून ठेवतो. सुरुवातीला पेपरातल्या याद्यांवरून उतरवायचो. आता सीईटी सेल सगळं ऑनलाइन टाकतं, तरी मी हातानंच लिहितो. हातानं लिहिलं की आकडा डोक्यात बसतो.

माणूस येतो. पायाला चिखल असतो म्हणून ओसरीच्या खालीच उभा राहतो. खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढतो. पाणी घेत नाही, बसत नाही. एवढंच विचारतो, "गुरुजी, होईन का जी पोराचं?"

या 'होईन का'चं उत्तर देणं म्हणजे काय, याचा मी खूप वर्षं विचार केला आहे. ते समजायला मला माझ्या मोठेबाबांचा उपयोग झाला. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडलांचे थोरले भाऊ. शाळेत गेले नव्हते, पण उभ्या धानाकडे बघून किती खंडी होतील ते सांगायचे. तलाठी आला की त्यांना सोबत घ्यायचा. सरकारची एक पद्धत आहे, तिला पैसेवारी म्हणतात. जुने लोक आणेवारी म्हणायचे. आमच्या विदर्भात खरिपाची पहिली पैसेवारी ३० सप्टेंबरला लागते. ती नजर अंदाजानं काढलेली असते. मग ऑक्टोबरच्या शेवटी सुधारित लागते आणि ३१ डिसेंबरला अंतिम. पन्नास पैशांच्या खाली आली तर गाव टंचाईत धरलं जातं, वर राहिली तर नाही. एका आकड्यावर सारा गाव इकडचा तिकडे होतो.

मोठेबाबा कधी बांधावर उभं राहून आकडा सांगत नसत. चप्पल काढून बांधीच्या मध्यात जायचे. म्हणायचे, "धुऱ्यावरचं धान सगळ्याचंच चांगलं दिसते रे." चार ठिकाणी लोंबी हातात घेऊन दाणे भरले की पोचट राहिले ते बघायचे. तुडतुडा लागला का ते बुंध्याशी वाकून बघायचे. तलावाचं पाणी शेवटपर्यंत पुरेल का ते विचारायचे. अन् मग म्हणायचे, "दसऱ्याच्या पाण्यानं दगा नाही दिला, तर इतकं. दिला, तर इतकं." त्यांनी कधी एकच आकडा सांगितला नाही. तलाठी वैतागायचा. त्याच्या रकान्यात एकच आकडा मावायचा.

पोरांच्या प्रवेशाचं अगदी असंच आहे. लोक ज्याला 'चान्स' म्हणतात, तो धुऱ्यावर उभं राहून सांगता येत नाही. मार्क बघून तर मुळीच नाही.

आमच्याच भागातल्या दोन घरांचं सांगतो. शेजारी शेजारी घरं, दोघांचीही शेती दीड-दोन एकर. पहिल्या घरच्या पोराला २०२३च्या नीटमध्ये ७२० पैकी ५७५ मार्क पडले आणि तो सरकारी मेडिकलला लागला. घरावर रोषणाई झाली. पुढच्या वर्षी दुसऱ्या घरच्या पोरानं परीक्षा दिली. त्याला ६१२ पडले. निकालाच्या रात्रीच त्याच्या आईनं पेढे वाटले. का नाही वाटणार? शेजारचा ५७५ला लागला, आपल्याला तर सदतीस जास्त. बापानं तर हिशोब करून ठेवला होता की आता गोंदियाचंच मेडिकल घ्यायचं, घरून डबा जाईल. आमच्याकडे २०१६ला १०० जागांचं सरकारी मेडिकल कॉलेज सुरू झालं, तेव्हापासून घरून डबा नेणारा डॉक्टर हे या भागातल्या प्रत्येक आईचं स्वप्न आहे.

पण ते वर्ष २०२४चं होतं. त्या वर्षी ४ जूनला निकाल लागला तेव्हा देशात ६७ पोरांना ७२० पैकी ७२० पडले होते. वाढीव गुणांचा गोंधळ झाला, १५६३ पोरांची फेरपरीक्षा ठरली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि शेवटी सुधारित निकालात पूर्ण गुणांचे १७ राहिले. पण वरून खालपर्यंत सगळ्यांचेच मार्क फुगले होते. पोरगा त्याच जागी उभा, पण त्याच्या पुढची रांग लांब झालेली. ६१२ला आदल्या वर्षी जो नंबर मिळाला असता, त्याच्या कितीतरी मागचा नंबर मिळाला. सरकारी कॉलेजच्या एकाही यादीत त्याचं नाव आलं नाही.

पोरगा घरातून बाहेर निघेना. लोक विचारायचे, "काहून जी, एवढे मार्क अन् लागला नाही?" त्यात गावात अफवा की पैसे भरायचे राहिले. बाप माझ्याकडे आला तेव्हा मी त्याला नंबर दाखवला. म्हटलं, "भाऊ, मार्क म्हणजे तुझ्या बांधीतलं धान. नंबर म्हणजे बाजारातला भाव. सगळ्यांच्याच बांधीत जास्त पिकलं तर भाव कोणाला मिळन?" त्याला ते एका झटक्यात कळलं. धानवाल्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पोरानं आणखी एक वर्ष दिलं. २०२५चा पेपर भलताच अवघड निघाला, विशेषतः भौतिकशास्त्राचा. त्या वर्षी साऱ्या देशात पहिला आला त्याला ६८६ होते. आमच्या पोराला पडले ५२४. आई देवघरापुढं बसून रडली. मागच्या वर्षीपेक्षा अठ्ठ्याऐंशी कमी! मी नंबर बघितला आणि म्हटलं, या वेळी पेढे आणा. तो सरकारी कॉलेजला लागला. त्याचा बाप अजूनही मला रस्त्यात भेटला की मान हलवत म्हणतो, "मार्क कमी झाले अन् डॉक्टर होऊन राहिला. हे गणित तुमचं तुम्हालेच माहीत जी."

माझ्या रजिस्टरात मी मार्कांचा रकाना ठेवतो, पण त्याच्या बाजूला नंबरचा रकाना मोठा ठेवतो. आणि एका वर्षाचा आकडा कुणाला सांगत नाही. तीन वर्षांचे सांगतो. त्यावरून माणसाला कळतं की हा आकडा खुंटीला बांधलेला बैल नाही, तो हलतो.

सीईटीचं पर्सेंटाइल हा आणखी एक घोळ. अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल म्हणजे अठ्ठ्याण्णव टक्के मार्क, असं निम्म्या गावाला वाटतं. "शंभरातले दोनच तर गेले!" मी त्यांना सांगतो, शंभर पोरांना एका रांगेत उभं केलं, तर तुझ्या पुढं दोघं आहेत असं समज. आता परीक्षेला समजा तीन लाख पोरं बसली. तर तुझ्या पुढं सहा हजार आहेत. शंभरात दोन ऐकायला किती गोड वाटतात, अन् सहा हजार म्हटलं की माणूस गप्प होतो. दोन्ही एकच.

मग त्या सहा हजारांना परत चाळावं लागतं. त्यातले सगळेच काही तुझ्या रांगेत नाहीत. काहींना तुला हवी ती शाखा नकोच आहे. काही आयआयटीत जातील. काही आमच्या नागपूरच्या व्हीएनआयटीत जातील, तिथं जेईई मेनवर प्रवेश होतो आणि निम्म्या जागा आपल्या राज्यातल्या पोरांना असतात. कुणी लागून गेलं की मागच्याची जागा पुढं सरकते. शिवाय यादीत प्रवर्ग असतात. शेवटच्या नंबरांच्या त्या याद्या ज्यांनी बघितल्या, त्यांना ती अक्षरं पाठ असतात. जी-ओपन-एस, जी-ओबीसी-एच, एल-ओबीसी-ओ. पहिलं अक्षर जी म्हणजे सगळ्यांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी राखलेल्या तीस टक्क्यांतली. शेवटचं अक्षर एच म्हणजे घरच्या विद्यापीठाची जागा, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची, एस म्हणजे राज्यभराची एकच रांग. आपलं घरचं विद्यापीठ नागपूरचं. २०११ला गोंडवाना विद्यापीठ झालं तेव्हा चंद्रपूर-गडचिरोली तिकडं गेले, आपण नागपुरातच राहिलो. मेडिकलच्या बाबतीत पूर्वी विदर्भातल्या सत्तर टक्के जागा विदर्भातल्या पोरांना असायच्या, तो सत्तर-तीसचा नियम २०२०मध्ये सरकारनं काढून टाकला. त्याच्या आधीचे मेडिकलचे आकडे मी रजिस्टरात लाल रेघेच्या वर ठेवले आहेत. ते आता जुन्या नोटांसारखे. बघायचे, चालवायचे नाहीत.

इतकं सगळं केलं म्हणजे अंदाज येतो. म्हणजे आपण बांधीच्या मध्यात आलो, इतकंच. पुढची गोष्ट अवघड आहे, ती सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

२०२४च्याच जुलैत एक पोरगी आपल्या बापासोबत आली. बाप राईस मिलवर पोती उचलतो, दोन एकर धान आहे. पोरीचं पर्सेंटाइल अठ्ठ्याण्णवच्या थोडं वर. इतर मागास प्रवर्ग. कागद बापाच्या हातात होता, पण बोलली ती. "सर, मला पुण्याचं सीओईपी पाहिजे."

बाप लगेच म्हणाला, "तिचं ऐकू नका जी. क्लासवाल्यानं सांगितलं, पुण्याचं होत नाही. जवळचं नागपूरचं एक नंबरवर टाक म्हणे, नाही तर तेही जाईन."

सीओईपी म्हणजे १८५४पासूनचं कॉलेज. २०२२ला त्याचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. तिथल्या जागा एस अक्षराच्या, म्हणजे साऱ्या महाराष्ट्राची एक रांग. कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही, तिथं शेवटचा पोरगाही नव्व्याण्णवच्या किती तरी वर असतो. पण शाखा खाली उतरत जातात तसे आकडेही उतरतात. मी रजिस्टर उघडलं आणि एका कोऱ्या कागदावर तीन रकाने पाडले. एकावर लिहिलं, 'हात पुरतो'. दुसऱ्यावर, 'उडी मारली तर'. तिसऱ्यावर, 'शिडी लागते'. पुण्याचं कॉम्प्युटर शिडीच्या रकान्यात गेलं. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकलही तिथंच. स्थापत्य आणि धातुशास्त्र उडीच्या रकान्यात आले. नागपूरची चार कॉलेजं हातात होती.

बाप म्हणाला, "मग हातातलं पहिले टाका ना."

ही भीती मी शेकडो लोकांत बघितली आहे. वरचं मागितलं तर खालचं जाईल. आमच्या लोकांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत अशीच घडली आहे. मालकाकडे चार पायल्या मागितल्या तर दोनही मिळायच्या नाहीत, म्हणून दोनच मागायच्या. पण यादी भरणारं कॉम्प्युटर मालकासारखं चिडत नाही. मी बापाला रेशनच्या दुकानाचं उदाहरण दिलं. म्हटलं, "तू रांगेत पन्नासावा आहेस. रांग तुझ्या नंबरनं लागली, तू काय मागतो त्यावरून नाही. तुझी पाळी आली की तू विचारतो, साखर आहे का? नाही? मग गहू आहे का? नाही? मग तांदूळ दे. साखर विचारली म्हणून दुकानदार तुला रांगेतून मागं काढत नाही. तुझा तांदूळ तुझाच. पण तू साखर विचारलीच नाही, अन् एक किलो उरली असली, तर ती तुझ्या मागच्याला जाईन."

बाप बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे मागायले पैसे लागत नाही?"

"मागायले नाही लागत."

एक सावधगिरी मात्र सांगितली, ती वाचणाऱ्यांनाही सांगतो. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं मिळालं तर ते पक्कंच होतं, पुढच्या फेऱ्यांत बदलायला मिळत नाही. म्हणून एक नंबरवर जे टाकायचं, ते मनापासून हवं असलेलंच टाकायचं. यादी इच्छेच्या क्रमानं लावायची, अंदाजाच्या क्रमानं नाही. अंदाजाचा उपयोग एवढाच, की यादीच्या तळाशी हातातलं काहीतरी नक्की असावं. तळ भक्कम असला की वर कितीही मोकळं मागता येतं.

पोरीनं यादी स्वतः लिहिली. पहिल्या नंबरवर पुण्याचं मेकॅनिकल टाकलं. मी काही बोललो नाही. तिच्या स्वतःच्या पैशाची साखर होती ती. खाली पुण्याच्याच बाकी शाखा, मग नागपूर. धातुशास्त्रावर बाप अडला. "धातूचं काय शिकते? भांडे?" मी म्हटलं, "आपल्याच रेल्वे लाइनीवर भिलाई आहे. तिथं लोखंड बनवतात, ते कसं बनवायचं हे शिकते." त्याचा चुलतभाऊ भिलाईला ठेकेदाराकडे कामाला गेला होता. बापाचा चेहरा बदलला. "आमचा भाऊ तिथं तगारी उचलत होता," इतकंच बोलला.

मग कागदपत्रं. इथंच पुष्कळांची नाव बुडते. पर्सेंटाइल असतं, नंबर असतो, पण जात वैधता प्रमाणपत्र नसतं. मुदतीत ते दिलं नाही तर राखीव जागा हातची जाते आणि पोरगं खुल्या रांगेत उभं राहतं. नॉन-क्रीमिलेअर जुन्या तारखेचं असतं. अधिवास काढायचा राहिलेला असतो. आणि हे सगळं रोवणीच्या दिवसांत. एक दिवस सेतू केंद्रावर गेला म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. या पोरीनं अकरावीतच वैधतेचा अर्ज टाकला होता. कुणी सांगितलं म्हणून नाही. वर्गातल्या एका मुलीच्या भावाची जागा त्यापायी गेलेली तिनं ऐकली होती. माझं ठाम मत आहे की प्रवेशाचा अंदाज काढताना मार्कांच्या आधी फाइल बघावी. फाइल पूर्ण असलेल्या पोराचा चान्स तिथंच वाढलेला असतो.

पैशाचं बोलणं मी मुद्दाम शेवटी काढतो. त्याच महिन्यात सरकारचा निर्णय आला होता. घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलं, तर केंद्रीभूत प्रवेशातून व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या आर्थिक दुर्बल, मराठा आणि इतर मागास घटकांतल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी सरकार भरणार. बापानं हे तीनदा विचारून घेतलं. पण फी गेली तरी मेस राहते, खोली राहते, जाणं-येणं राहतं. हे मी लपवलं नाही. वसतिगृह मिळालं नाही तर निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत. पंजाबराव देशमुखांच्या नावाची आहे, सावित्रीबाईंच्या नावाची आहे. पण त्यांचे पैसे हप्त्या-हप्त्यानं येतात, आणि मेसवाला महिन्याच्या महिन्याला मागतो. तेही सांगितलं.

पहिल्या फेरीत तिला नागपूरचं एक कॉलेज मिळालं. जागा धरून ठेवायचे हजार रुपये भरले आणि पुढच्या फेरीसाठी थांबली. घरात रोज भांडण. बापाचे भाऊ म्हणायचे, मिळालं ते घे, काहून लोभ करते? तिची आई एक दिवस एकटीच माझ्याकडे आली. बाकी सगळे कट-ऑफचं विचारतात, तिनं वेगळंच विचारलं. "गुरुजी, पोरगी तिथं राहीन का? तिले घरचा भात नाही भेटला की जेवत नाही जी."

माझ्या रजिस्टरात या प्रश्नाचा रकाना नव्हता. मी खरं ते सांगितलं, की हे मला आकड्यातून सांगता येत नाही. पण ज्या पोरीनं अकरावीत आपली फाइल आपण लावली, ती राहील असं मला वाटतं. आई म्हणाली, "तुमाले वाटते ना? मग मी तिच्या बापाले सांगतो." गेली. आमच्याकडे बायाही 'सांगतो' म्हणतात. त्या दिवशी त्या 'सांगतो'ला बरंच वजन होतं.

दुसऱ्या फेरीत पुण्याचं धातुशास्त्र लागलं. उडीच्या रकान्यातलं.

मला इथं एक गोष्ट आठवते, ती आमच्या धानाचीच आहे. सारा विदर्भ ज्या एचएमटी तांदळाचा भात खातो, तो दादाजी खोब्रागडे यांनी शोधला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातलं नांदेड हे त्यांचं गाव. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस, थोडकी शेती. बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत राहिले. वाणाला नाव दिलं ते तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं. २०१८ला ते गेले. मी त्यांचा विचार करतो तो असा, की त्या बांधीची पैसेवारी काढणाऱ्याला त्या चार लोंब्या दिसल्याच नसत्या. पैसेवारीत सरासरी असते आणि सरासरीत वेगळी लोंबी दिसत नाही. तरी पैसेवारी खोटी नसते. ती लागतेच, तिच्याशिवाय गावाचा हिशोब होत नाही. पण जो बांधीत उतरतो त्यानं दोन्ही बघायचं असतं. सारं धान किती होईल तेही, आणि हातातली ही एक लोंबी कशी आहे तेही.

म्हणून कुणी पोरासमोर 'होत नाही' असं सांगितलं की मला त्रास होतो. 'होत नाही' हा अंदाज नाही, तो हुकूम झाला. अन् 'होऊन जाईन, काळजी नको' हेही तितकंच वाईट. ज्या पोराच्या घरी पेढे वाटून झाले त्याला विचारा. मी आता लोकांना सांगतो, तीन वर्षांचे शेवटचे नंबर बघा, फाइल बघा, यादीचा तळ भक्कम करा, अन् वरच्या दोन-चार ओळी पोराला त्याच्या मनानं लिहू द्या. त्या ओळींचे पैसे लागत नाहीत.

पोरगी महाराष्ट्र एक्सप्रेसनं गेली. ती गाडी आमच्या गोंदियातूनच सुटते आणि पुण्यावरून कोल्हापूरला जाते, त्यामुळे बसायला जागा मिळते. बाप पोचवायला गेला आणि पुण्यात एक रात्र राहून परत आला. रोवणी अर्धी झाली होती. पहिले दोन महिने तिचे फोन यायचे. एकदा म्हणाली, "सर, इथं सगळे इंग्रजीत हसतात." मी विचारलं, म्हणजे? तर म्हणे, मास्तर काहीतरी बोलतात, सारा वर्ग हसतो, मला दोन सेकंदांनी कळतं की हसायचं होतं. पहिल्या सहामाहीत एक विषय राहिला. पुढच्या सहामाहीत काढला. हे मी मुद्दाम लिहितो. यादीत नाव लागलं की लोक गोष्ट संपवतात, पण पोरांची गोष्ट तिथून सुरू होते. आता ती दोन सेकंद आधी हसते, असं परवा सांगत होती.

गेल्या दिवाळीनंतर ती गावच्या मंडईसाठी घरी आली होती. रात्रभर दंडार होती. पहाटे चहाच्या टपरीजवळ बारावीतल्या दोन-तीन पोरी तिच्याभोवती जमल्या. त्यातली एक म्हणाली, "ताई, माझं होईन का पुण्याचं?"

मी बाजूलाच बाकावर बसलो होतो. ती आता आकडा विचारील असं मला वाटलं. तिनं चहा फुंकला आणि म्हणाली, "पहिले सांग, तुले काय पाहिजे? मग पाहू किती लागते ते."